चाळणीची गिटार आणि राहिलेला शेरा

विष्णू, तुझा फोन आठ दिवस माझ्या शर्टाच्या खिशात होता आणि मी तो उघडला नव्हता. रोज चार्ज मात्र करत होतो. बंद पडला तर पुन्हा चालूच होणार नाही ही एक भीती, आणि चालू राहिला तर वाजणार ही दुसरी. तो वाजायचाच. आपली कंपनीची बस मोशीच्या चौकात अडकलेली असायची, सगळे पेंगत असायचे आणि माझ्या छातीवर एकदम ‘टिंग’. गेलेल्या माणसाचा फोन असा छातीवर थरथरला की काय होतं, ते लिहून सांगता येत नाही. पहिल्यांदा वाजला तेव्हा मी चक्क उभा राहिलो होतो. मागचे लोक म्हणाले, ‘काय झालं राव?’ मी म्हणालो, ‘पायाला मुंग्या आल्या.’

तू असतास तर हसला असतास. ‘इन्स्पेक्टर, तू जन्माला येतानाबी आधी डोकं भायेर काढून गेज लावून बघितला असशील,’ असं तू एकदा सगळ्या बससमोर म्हणाला होतास. खोटं नाही ते. घराला कुलूप लावलं की मी जिन्यावरून दोनदा परत जातो. रिक्षावाल्याने जोरात ब्रेक मारला तर मी तिथेच उतरून चालत जातो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो मी. पण हे आठ दिवस ज्या भीतीत काढले, ती तुला माहीत असलेली भीती नव्हती. म्हणून हे लिहितोय.

फोन रेखा वहिनींनी दिला, चौथ्या दिवशी. तुमच्या पिंपळे गुरवच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. लातूरकडून सगळे आले होते, तुझ्या थोरल्या बहीण अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. वहिनी मला गॅलरीत घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, ‘भावजी, ह्यांनी त्या गुरुवारी गिटारचं ते फोनवर टाकलंय. लोक खाली कायबाय लिहायलेत. मला इंग्रजी येत न्हाई. पोरीला वाच म्हणायचं धाडस होईना. तुम्ही वाचा, अन् मला खरं काय ते सांगा. चांगलं वाजलं आसंल तर ती गिटार ठिवते मी. नसंल तर तेराव्याला पुरण घालायचंय. माझी चाळण मला काढून द्या.’

मी मान हलवली आणि फोन खिशात घातला. वाचायला किती वेळ लागला असता? पाच मिनिटं. मी आठ दिवस लावले.

हे दुसऱ्या कुणी वाचलं तर चाळणीचं कोडं पडेल, म्हणून सांगतो. तू कंपनीत डाय, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, बसवणारा फिटर, मी त्याच कंपनीच्या प्रेसशॉपमध्ये मापं तपासणारा इन्स्पेक्टर. तरुणपणी तू गावाकडच्या बेंजो पार्टीत वाजवायचास, लग्नाच्या वरातीत, हे मला पहिली दोन वर्षं माहीतच नव्हतं. मग एक दिवस बसमध्ये फोन माझ्या नाकासमोर धरलास. कुणीतरी परदेशी म्हातारा मांडीवर गिटार आडवी ठेवून बोटातल्या नळीने तारा घासत होता, आणि गिटारच्या पोटात लाकडाच्या फळीऐवजी धातू चमकत होता. ‘हिच्यात पत्र्याचा कोन आस्तोय. तारा हलल्या की पत्रा गातोय,’ तू म्हणालास. ‘पत्रा तर आपल्या बापाचा हाय.’

झालं. जुन्या बाजारातून फुटकी गिटार आणलीस. सुपरवायझरच्या हातापाया पडून, गेटपास करून, भंगारातला ॲल्युमिनियमचा पत्रा घेतलास. लाकडाचा साचा लेथवर फिरवून त्यावर पत्रा दाबत दाबत उथळ वाटीसारखा कोन काढलास. पहिला कोन भलताच जाड झाला, कारण आपल्या धंद्यात जाड म्हणजे टिकाऊ. मजबूत इतका की त्यात भाजी शिजली असती. वाजवला तर झाकण पडल्यासारखा आवाज. मी गमतीने त्याला कंपनीचा लाल टॅग बांधला आणि त्यावर लिहिलं : ‘जाडी जास्त. आवाज नाही. रिजेक्ट.’ दुसऱ्यालाही बांधला. तिसऱ्यालाही. तू ते तिन्ही टॅग जपून ठेवले होतेस, खिडकीच्या गजाला.

चौथा कोन जमला. मी तो सगळीकडून मायक्रोमीटरने मोजला आणि काही न बोलता तुझ्या हातात दिला.

कोन झाकायला जाळी हवी होती. तू वहिनींची पुरणाची चाळण उचललीस. त्या ओरडल्या तेव्हा म्हणालास, ‘चार स्क्रू तर हायेत. होळीला काढून देतो, परत बसवतो.’ आणि बसमध्ये माझ्या कानात सांगितलंस, ‘तारांखालची घोडी वर यायला पायजे ना, म्हणून चाळणीला मधोमध भोक पाडलंय. हिला बोलू नको. मरंस्तोवर ऐकवंल.’ होळीला तू काहीतरी सबब सांगितलीस आणि पुरण मिक्सरमधून काढायला लावलंस. वहिनींनी ते दाणेदार पुरण मला वाढताना तुझ्याकडे जे पाहिलं, ते मला अजून आठवतं. मी पानावर मान खाली घालून जेवत होतो.

आता माझी चूक. ती माझ्या धंद्यातली आहे, बाहेरच्या माणसाला ती मूर्खपणाचीच वाटेल.

प्रेसवर नवी डाय चढली की सेटर पहिला पीस काढतो आणि माझ्या टेबलावर आणून ठेवतो. मशिन थांबलेलं असतं, तो हात पुसत उभा राहतो. मी मोजतो. काही चुकलं असेल तर बोलतो, लाल टॅगवर शेरा लिहितो. आणि पीस बरोबर असेल तर मी कागदावर सही करून पीस त्याच्याकडे सरकवतो. बोलत नाही. बोलायचं काय? तो पीस उचलतो आणि मशिन सुरू करतो. इतकी वर्षं मी हेच करत आलोय. आमच्याकडे इन्स्पेक्टरने तोंड उघडलं म्हणजे काहीतरी बिघडलं, असं समजतात. घरीही माझं तसंच झालंय. बायको म्हणते, आमटी चांगली झाली की तुम्ही मुके होता.

तू धून पाठवलीस ती एका गुरुवारी दुपारी. खाली लिहिलंस, ‘इन्स्पेक्टर, पहिला पीस. शेरा दे.’

मी ती त्या दिवशी चार वेळा ऐकली. मग रोज बसमध्ये कानात घालून ऐकत होतो, तू शेजारच्या सीटवर असताना. तुला वाटायचं मी बातम्या ऐकतोय. स्वयंपाकघरात गव्हाच्या डब्यावर फोन टेकवून रेकॉर्ड केलेली ती तीन मिनिटं मला पाठ झाली होती. सुरुवातीला तुझं घसा खाकरणं. मध्येच कुकरची शिट्टी. आणि त्या धुनेत एक जागा आहे, जिथे तुझी नळी तारेवरून वर वर चढते आणि पोचायच्या जरा अलीकडेच थांबते. थांबते आणि खाली येते. पहिल्यांदा मला वाटलं, चुकलास. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदाही तिथेच, तितकंच कमी. एखादं माप एकदा कमी आलं तर ती चूक असते. तीनदा एकाच जागी तेवढंच कमी आलं, तर ते ड्रॉइंगमध्येच असतं. हे कळलं तेव्हा भोसरीचा पूल आला होता आणि मी खिडकीकडे तोंड फिरवून बसलो, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं.

हे तुला सांगायला काय झालं होतं मला? तीन आठवडे मी मूग गिळून बसलो. तू एकदाच विचारलंस, ‘काय इन्स्पेक्टर?’ मी म्हणालो, ‘हं.’ माझ्या लेखी मी सही करून पीस सरकवला होता.

आणि मग आपलं भांडण झालं. घरी वाद्यं बनवणाऱ्या लोकांचा कुठलासा ग्रुप तुला सापडला होता. तिथे धून टाकायची आणि लोकांना विचारायचं, असं तू म्हणालास. माझी पाचावर धारण बसली. मी म्हणालो, ‘टाकू नकोस. लोक सोलून काढतात रे. ना ओळख ना पाळख, दारू पिऊन काहीही लिहितात.’ तू म्हणालास, ‘लिहू दे की. चूक कळंल.’ मी म्हणालो, ‘चूक कशाला कळायला हवी?’ तू माझ्याकडे बघितलंस. ‘मग तू सांग,’ म्हणालास, ‘तू कामून बोलंनास?’

तेवढ्यात बस कंपनीच्या गेटवर आली. सगळे उठले. मीही उठलो.

बुधवारी उतरताना तू म्हणालास, ‘उद्या सुट्टी हाय. टाकतोच.’ मी पाठमोरा होतो. नुसता हात हलवला. तुझं शेवटचं बोलणं ते, आणि माझं उत्तर असं.

शुक्रवारी सकाळी तू स्टॉपवर नव्हतास. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. मीच म्हणालो, ‘चला हो, झोपला असेल.’ नाशिक फाट्याच्या पुढे वहिनींचा फोन आला. तू झोपेतच गेला होतास.

आता तुला कळलं असेल, मी फोन का उघडत नव्हतो. गुरुवारी तू धून टाकलीस आणि शुक्रवारी गेलास. मध्ये एक संध्याकाळ. त्या संध्याकाळी कुणी काय लिहिलं होतं? कुणी तुझी टर उडवली होती का? आणि ते वाचून तू तसाच झोपलास का, ‘इन्स्पेक्टरला आवडलं न्हाई, लोकांनाबी आवडलं न्हाई,’ असं मनात घेऊन? डॉक्टर म्हणाले, हृदयाचं होतं, आधीपासूनच असणार. डॉक्टरांचं बरोबरच असेल. पण मला आंघोळ करताना, डबा खाताना, पीस मोजताना एकच दिसायचं : तू पलंगावर एका कुशीवर, तोंडावर फोनचा उजेड, आणि त्या उजेडात कुणाचा तरी शेरा. माझ्या टेबलावर त्या आठवड्यात दोन चुकीचे पीस पास झाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

बाराव्या दिवशी दुपारी, पहिली शिफ्ट सुटल्यावर, बस पुन्हा मोशीला अडकली. तुझी सीट रिकामी होती. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण त्या सीटवर कुणी बसत नाही अजून. उद्या तेरावा. वहिनींना काय सांगणार? फोन काढला. शेवटी फोन तुझ्या सीटवर ठेवला आणि दोन्ही हातांनी उघडला.

तू लिहिलं होतंस :

‘घरी बनवलेली गिटार आहे. कोन भंगार पत्र्याचा, वरची जाळी बायकोच्या पुरणाच्या चाळणीची. स्वयंपाकघरात रेकॉर्ड केलंय, कुकरची शिट्टी माफ करा. माझा एक मित्र इन्स्पेक्टर आहे. त्याने तीन आठवडे ऐकलं आणि काही बोलला नाही, म्हणजे पीस ओके आहे. पण कधीतरी तोंडाने ऐकावंसं वाटतं. म्हणून तुम्हाला विचारतोय. चूक असेल ती सांगा.’

तुला माहीत होतं. मी बातम्या ऐकत नव्हतो, हेसुद्धा माहीत होतं. मला एकदम हलकं वाटलं आणि मग पुढचं वाक्य दिसलं. ‘कधीतरी तोंडाने ऐकावंसं वाटतं.’ हे वाक्य मी किती वेळा वाचलं, विचारू नकोस. एवढंसंच तर मागत होतास.

खाली लोकांचे शेरे होते. मी एका डोळ्याने वाचायला सुरुवात केली, अपघात बघतात तसा. एकाने लिहिलं होतं, ‘भांडी वाजवतोयस का भावा?’ मी तोही डोळा मिटला. पण त्याच्याखाली तूच लिहिलं होतंस, ‘व्हय, चाळण हाय,’ आणि पुढे हसणारी तोंडं. दुसरा म्हणत होता की एक तार खरखरते, घोडी घासून बघ. त्यालाही तुझं उत्तर होतं : ‘बरोबर हाय. उद्या घासतो.’

उद्या म्हणजे शुक्रवार.

तुझी उत्तरं तिथे संपतात. शेरे पुढे चालू आहेत. चाळणीचा आवाज असा कसा येतो, म्हणून विचारणारे तीन-चार जण आहेत. आणि एका वयस्क माणसाने, जो स्वतः गिटारी बनवतो असं दिसतं, इंग्रजीत लिहिलंय. मी अर्थ लावत लावत वाचलं : ‘वर चढताना तुम्ही तिन्ही वेळा जरा अलीकडेच थांबलात. मुद्दाम का? मुद्दाम असेल तर कुणाचंही ऐकून ते बदलू नका. घोडी घासून झाली की पुन्हा रेकॉर्ड करून टाका. मी वाट बघतो.’ तेच, विष्णू. जे मला भोसरीच्या पुलावर कळलं होतं, तेच त्या अनोळखी माणसाने तुला बेधडक लिहून टाकलं. फक्त तू गेल्यानंतर दोन दिवसांनी. आम्ही दोघेही उशिरा. पण त्याला तू गेल्याचं माहीत नव्हतं, आणि मला तू शेजारी बसल्याचं माहीत होतं.

त्याला उत्तर लिहायला घेतलं. ‘हा माणूस’ एवढंच लिहिलं आणि पुसून टाकलं. तो अजून वाट बघतोय. माझं धाडस होत नाही.

तेराव्याला तुमच्याकडे आलो. धार्मिक विधी आटोपले होते. मोठ्या पातेल्यात डाळ शिजून गूळ पडला होता, सगळ्या खोलीत तो वास. अक्का ओट्याशी उभ्या राहून ओरडल्या, ‘पुरण निवायलंय गं, चाळण कुठाय?’ वहिनींनी भिंतीवरची गिटार काढली, माझ्यासमोर सतरंजीवर ठेवली आणि शेजारी स्क्रूड्रायव्हर ठेवला. ‘काय म्हणले लोक?’ एवढंच विचारलं.

पळवाट होती मला. ‘वहिनी, चाळण मधून कापलीय, ती काही कामाची नाही,’ एवढं म्हटलं असतं तर गिटार वाचली असती आणि माझं तोंडही वाचलं असतं. कुठला शेरा द्यावाच लागला नसता. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, खरं सांगतो. सगळे पाहुणे माझ्याकडे बघत होते.

‘लोकांचं राहू द्या,’ मी म्हणालो. ‘मी सांगतो. चांगलं वाजलंय. फार चांगलं वाजलंय. मी रोज ऐकतो. हिला हात लावू नका.’

अक्काच म्हणाल्या, ‘मग हे त्याला कामून सांगितलं न्हाईस रं, जित्ता होता तवा?’

मी गिटार उचलून पुन्हा भिंतीवर टांगली.

वहिनींनी स्क्रूड्रायव्हर उचलून खिडकीत ठेवला, तुझ्या लाल टॅगांपाशी. पोरीला म्हणाल्या, ‘जा, शेजारच्या काकूंची चाळण मागून आण.’ मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, ‘मधून कापलीय ती. होळीच्या आधीच बघितलंय मी.’

‘मग चाळण काढून द्या, असं मला कशाला म्हणालात?’

‘हे मला विचारायचे,’ त्या म्हणाल्या. ‘दोन-तीनदा विचारलं. इन्स्पेक्टरला आवडलं नसंल का गं? मी म्हणायचे, मला काय इचारता, त्यान्लाच इचारा की. म्हणून म्हटलं, आपणच इचारावं.’

म्हणजे तिकडे लिहिलंस, ‘पीस ओके आहे,’ आणि घरी वहिनींना विचारत होतास. मग माझी सही तुला पोचली होती की नव्हती, विष्णू? मी पुरणपोळी खाल्ली. चांगली झाली होती. हात धुवायच्या आधी मी वहिनींना तसं सांगितलं, तोंडाने. त्या दचकल्याच.

गिटार भिंतीवर आहे. चाळण तिच्यावर आहे. ती तार अजून खरखरते, घोडी घासायची राहिली आहे आणि ती मी घासणार नाही, ते काम तुझं. तुझा फोन वहिनींना परत दिला. आता छातीवर काही वाजत नाही, तरी मोशीच्या चौकात बस थांबली की माझा हात आपोआप खिशाकडे जातो.

शेरा लिहितोय. पहिला पीस ओके. तिन्ही वेळा जिथे थांबलास, तिथेच थांबायचं होतं. मला भोसरीच्या पुलावरच कळलं होतं.

हे काल बसमध्ये तुझ्या सीटकडे बघून मोठ्याने म्हणालो. पुढचे दोघे वळून बघू लागले, बघू देत. तू काही बोलला नाहीस. आपल्यात कुणी बोललं नाही म्हणजे ओके असतं, असंच मी धरून चाललोय. पण आता कळतंय रे, टेबलासमोर हात पुसत उभं राहणाऱ्याला कसली भीती वाटत असेल.